भरवशाचे प्रायमर

१

अश्वजितच्या उजव्या डोळ्यात पितळेची कपची घुसली तो शनिवार होता, आणि सोमवारपर्यंत नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावातल्या आमच्या झाडून सगळ्या मराठी घरांत ठरून गेलं होतं की दोष त्याच्या नेमबाजीतल्या दोस्ताचा, लोकेशचा. असल्या घाईचा मला मनापासून राग येतो. जन्मभर मी मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बंदुका आणि काडतुसं तपासली. आधी निकाल आणि मग तपास, ही पद्धत मी साहेबांचीही चालवून घेतली नाही, तर फोनवरच्या ग्रुपची काय घेणार?

मी मालिनी. वीस सालच्या फेब्रुवारीत लेकीकडे दोन महिन्यांसाठी आले, कोरोनाने विमानं बंद पाडली आणि सप्टेंबर उजाडला तरी मी आपली इथेच. अशीच अडकलेली दुसरी म्हणजे अश्वजितची आई, नागपूरच्या राधाबाई. आम्ही दोघी रोज संध्याकाळी मागच्या तळ्याभोवती हातभर, नव्हे दीड मीटर, अंतर ठेवून चालायचो आणि आपापल्या घरच्या कागाळ्या एकमेकींना सांगायचो. परक्या देशात त्या वेळी तेवढाच एक आधार होता.

अश्वजित इंजिनिअर, आणि इथल्या नेमबाजी क्लबचा सभासद. परवाना असलेल्या नेमबाजाला इथे स्वतःपुरती काडतुसं घरी भरता येतात. उडालेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, तिच्यात नवी दारू आणि नवी गोळी घालायची, बुडाशी नवा प्रायमर बसवायचा. प्रायमर म्हणजे शर्टाच्या बटणाहून लहान अशी धातूची वाटी. बंदुकीची पिन तिच्यावर आपटली की ठिणगी पडते आणि दारू पेटते. सगळी मदार त्या वाटीवर.

त्या शनिवारी स्पर्धेत अश्वजितची दोन काडतुसं नुसती टिक् करून गप्प बसली. तिसरंही टिक् झालं. त्याने सवयीने लगेच बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागची खिटी, मागे ओढला, आणि ते काडतूस तेव्हा पेटलं, उशिरा, अर्धवट उघड्या बंदुकीत. संरक्षक चष्मा त्याने काढून ठेवला होता. घरात म्हातारी आई म्हणून तो मास्क लावायचा, मास्कने चष्म्यावर वाफ धरायची. क्लबात मास्क लावणारा तो एकटाच होता, हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

मंगळवारी त्याची बायको हर्षा आमच्या बागेत येऊन उभी राहिली. घरात यायला तयार नव्हती. उन्हाळ्यात प्रायमरचा सगळीकडे तुटवडा पडला, नेहमीचे कुठेच मिळेनात, तेव्हा लोकेशने कुठूनसे दुसऱ्याच बनावटीचे आणून अश्वजितच्या गळ्यात मारले, असं तिचं म्हणणं. पोलिसांनी बंदूक, काडतुसं, कपाटातलं सामान सगळं नेलं होतं. त्यांच्या तपासणीला कोरोनामुळे महिने लागणार होते. तोवर मी जाणकार म्हणून लिहून द्यावं, की माल नकली होता.

मी म्हटलं, आधी बघते, मग लिहिते.

"बघायचं काय त्यात, काकू?" ती म्हणाली. "अश्वजितने स्वतः सांगितलंय."

२

क्लबचे अध्यक्ष हेर्मन हे सत्तरीचे, उंच, मोजकं बोलणारे गृहस्थ. लेक दुभाषी म्हणून सोबत आली. आम्हाला त्यांनी बाहेर अंगणात बसवलं आणि कॉफीचे कप मधल्या बाकावर ठेवून स्वतः मागे सरकले.

माझा पहिला संशय त्यांच्यावर होता, खोटं कशाला सांगू. बंदूक क्लबची होती. आत पिनेची स्प्रिंग थकलेली असली तर ठोका हलका बसतो आणि प्रायमर कितीही चांगला असला तरी पेटत नाही. तसं निघालं तर खापर क्लबवर फुटणार, आणि हेर्मन काही ते आपणहून सांगणार नव्हते. मी सरळ विचारलं. त्यांना राग आला नाही. पोलीस यायच्या आधी त्यांनी मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते, ते त्यांनी मला पाठवले.

घरी येऊन मी फोटो मोठे करून पाहिले. पुंगळी एका बाजूने उसवलेली होती, बूड मात्र शाबूत. बुडावरच्या प्रायमरला मधोमध खोल खड्डा पडलेला, जसा पडायला हवा अगदी तसाच. पिनेने आपलं काम चोख केलं होतं. आधीची दोन न उडालेली काडतुसंही बाजूला ठेवलेली दिसत होती, आणि त्यांच्यावरही तसेच खड्डे. म्हणजे बंदूक सुटली, हेर्मनही सुटले. दोष प्रायमरचाच.

हर्षा बरोबर ठरत होती. तरी मी लिहायला बसले नाही. फोटोतले तिन्ही प्रायमर चंदेरी होते. लोकेशने आणलेले कसे दिसतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

३

लोकेशला मी तळ्याकाठी बोलावलं. माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा मी त्याला आधी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. हा पोरगा एरवी दर रविवारच्या ऑनलाइन वंदनेत सगळ्यांच्या आधी हजर असायचा. ऑक्टोबरातल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सगळी तयारी दरवर्षी तोच बघायचा. शनिवारनंतर त्याला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. हर्षाने त्याचा नंबर बंद केला होता. दवाखान्यात एकच माणूस आत सोडत, तेव्हा तिथेही जायची सोय नव्हती.

पोलिसांनी त्याचाही परवाना थांबवून ठेवला होता, माल कुठून आणला आणि कसला दिला ते ठरेपर्यंत. नागरिकत्वाचा अर्ज त्याने नुकताच केला होता. त्याच्यावर असलं बालंट राहिलं तर तो अर्ज गेलाच म्हणायचा. पण त्याबद्दल तो फारसं बोललाच नाही.

प्रायमर कसे निवडले ते मी खोदून खोदून विचारलं. त्याने सगळं नीट सांगितलं. तुटवड्यात लोक मिळेल ते उचलत होते, सुटे, उघड्या डब्यांतले, कुणाच्या तळघरात वर्षानुवर्षं पडलेले. याने मास्ट्रिख्टजवळच्या परवानाधारक दुकानातून सीलबंद डबे घेतले, एकाच वेळी बनलेल्या मालातले, कारखान्याचा छाप असलेले. आईपायी अश्वजित दुकानांत जात नव्हता म्हणून एक डबा त्याच्यासाठी. स्वतःच्या डब्यातले बरेच काडतुसांत भरून उडवून पाहिले, तेव्हा एकही फुसका निघाला नाही. मी प्रयोगशाळेत असते तर याहून वेगळं काय केलं असतं?

त्याच्या सायकलच्या पिशवीत त्या चाचणीच्या रिकाम्या पुंगळ्या अजून होत्या. त्याने मूठभर काढून बाकावर ठेवल्या आणि मागे झाला. मी चष्मा लावून एकेक उलटी करून पाहिली. प्रत्येकीच्या बुडाशी पिवळाधमक प्रायमर. चंदेरी एकही नव्हता.

मी त्याला विचारलं, अश्वजितने स्पर्धेला तुझेच वापरले हे तुला कसं माहीत? हा प्रश्न त्याच्या मनालाही शिवला नव्हता.

"तो म्हणाला म्हणजे वापरले असणार, काकू. अश्वजित खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "मी निवडले. माझ्यामुळे झालं. रोज सकाळी उठलं की पहिलं तेच डोक्यात येतं."

माझ्या हातात पिवळी पुंगळी होती आणि जिभेवर उत्तर होतं. पण अर्धंच. चंदेरी म्हणजे अश्वजितचे जुने, नेहमीचे, तुटवड्याआधी घेतलेले, ज्यांच्यावर त्याचा सगळ्यात जास्त भरवसा होता. तो चांगला माल घरात बसल्या जागी मेला कशाने, हे मला कळत नव्हतं. आणि फुटलेली पुंगळी समोर पडलेली असताना अश्वजितला रंग दिसला नसेल, हे मला पटत नव्हतं.

मी त्या पुंगळ्यांतली एक मागून घेतली आणि लोकेशला म्हटलं, दोन दिवस थांब.

४

रविवारी मी राधाबाईंकडे गेले. अश्वजित घरी आला होता, डोळ्यावर भलंमोठं बँडेज. डोळा वाचेल असं डॉक्टर म्हणतात, हर्षाने सांगितलं. मुलं वरच्या खोल्यांत होती, हाक मारली तर डचमधून उत्तर देत. टीव्हीवर वंदना लागली होती, पडद्यावर ओळखीच्या घरांचे चौकोन. आम्ही सगळे हात जोडून बसलो.

पंचशील सुरू झालं. मी त्या घरात वर्षभर नाही तरी सहा महिने येत-जात होते, त्यामुळे अश्वजितचा आवाज मला पाठ होता. पोरगा खणखणीत म्हणतो. पहिलं शील म्हणाला, दुसरं, तिसरं. चौथ्याला त्याचे ओठ मिटले. पाचवं पुन्हा म्हणाला. चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं.

नंतर मी हर्षाला म्हटलं, कपाट दाखव. प्रायमर आणि दारू ठेवायचं ते कपाट वरच्या मजल्यावर बर्गिंगमध्ये होतं, म्हणजे इथल्या घरांत असते तशी बिनखिडकीची अडगळीची खोली. कपाट लाकडी, भिंतीला उंचावर पक्कं ठोकलेलं, कुलपाचं. पोलिसांनी रिकामं केल्यावर ते नुसतंच लोटलेलं होतं. मी दार ओढलं तर ते हलेना. पाय रोवून, दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा कुठे उघडलं.

मी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. लाकूड फुगलं होतं. आता मुंबईत पावसाळ्यात दारं फुगतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण यंदाचा इथला उन्हाळा असा कोरडा गेला होता की बागेतलं गवत जळालं. खालच्या खोल्यांची दारं बोटाने ढकलली तरी उघडत होती. मग या एकाच दाराने पाणी प्यायलं कुठून? आतल्या फळीवर ओघळ वाळल्याचे डाग होते. मी तोंडावरचा मास्क खाली केला आणि डोकं कपाटात घातलं. नीलगिरीच्या तेलाचा वास आला.

कपाटाच्या बरोबर खाली एक स्टूल होतं. स्टुलावर घडी घातलेला टॉवेल, आणि शेजारी विजेवर चालणारं वाफेचं भांडं.

हर्षा मागून सहज म्हणाली की ते आईंचं आहे. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना वाफारा, मुलांनासुद्धा, कुणाची सुटका नाही. आधी जिन्यापाशी घ्यायच्या, पण तिथे छतावरचा धुराचा अलार्म वाफेने बोंबलायचा, शेजारी धावत यायचे. म्हणून त्यांनी ही जागा शोधली, दार लावून घेतलं की निवांत.

अलार्मची ती तक्रार तळ्याभोवती चालताना मीही ऐकली होती, हसलेही होते. आता मी त्या स्टुलावर टॉवेलच्या घडीसकट बसले. काय झालं असेल ते स्वच्छ दिसत होतं, आणि ज्या बाईबरोबर मी रोज चालत होते तिचं त्याने काय होईल तेही दिसत होतं.

५

अश्वजित मागच्या बागेत एकटा बसला होता. मी समोर खुर्ची घेतली आणि त्याच्या पुढ्यात लोकेशची पिवळी पुंगळी ठेवली. मला गुळमुळीत बोलता येत नाही.

मी त्याला म्हटलं, लोकेशचे प्रायमर पिवळे. क्लबच्या फोटोतले तिन्ही चंदेरी, म्हणजे तुझे जुने. ठोका खोल बसलाय, म्हणजे बंदूक ठीक. चांगला प्रायमर मरतो तो ओल आणि तेल यांनी. एक दिवसाच्या वाफेने काही होत नाही. पण बंद खोलीत, आठवडेच्या आठवडे, सकाळ-संध्याकाळ, उघडलेल्या डब्याच्या थेट खाली तेल घातलेली वाफ सोडली तर पुठ्ठासुद्धा चिंब होईल. काही प्रायमर पुरते मेले, काही अर्धमेले. तुझं तिसरं काडतूस अर्धमेलं होतं.

मी पुढे म्हटलं, "तू निष्काळजी माणूस नाहीस. नवा माल तू स्पर्धेला नेलाच नसतास, आधी घरचा भरवशाचाच नेला असतास. आणि फुटलेली पुंगळी तू पाहिलीस. तुला तेव्हाच कळलं."

तो उघड्या डोळ्याने गवताकडे बघू लागला. मग हळूहळू सांगू लागला. पहिल्यांदा आईला तिथे वाफारा घेताना पाहिलं तेव्हा त्याने मनाई केली होती. राधाबाईंनी ऐकलंही होतं. मग ऑगस्टात नागपूरला दामोदरमामा गेले, राधाबाईंचे धाकटे भाऊ, कोरोनाने. अंत्यसंस्कार त्यांनी मोबाईलवर पाहिले. दुसऱ्या दिवशी त्या भांडं घेऊन बर्गिंगमध्ये गेल्या आणि दोन्ही नातवंडांना हाताला धरून आत बसवलं. त्या वेळी त्यांना नको म्हणायची याची छाती झाली नाही. कपाट दुसरीकडे हलवू, पुढच्या शनिवारी हलवू, असं म्हणत राहिला, आणि स्वतःही त्याच कपाटाखाली टॉवेल घेऊन बसत राहिला.

दवाखान्यात नेत होते तेव्हा राधाबाईंचा फोन आला. कशानं झालं रे, त्या विचारत होत्या. आईला काय सांगायचं ते त्याला सुचेना, आणि तोंडातून लोकेशचं नाव गेलं. तेवढ्यापुरतं. घरी आल्यावर पाहतो तर हर्षाने ते पोलिसांना सांगून झालं होतं.

"आता मागे घेतलं तर पोलीस विचारणार, ओल कुठून आली," तो म्हणाला. "मग आईला कळेल की माझा डोळा तिने... काकू, डोळा गेलाय. परवाच डॉक्टरांनी सांगितलं. हर्षा आणि मी सोडून कुणाला माहीत नाही. मामा गेल्यापासून ती जेमतेम जेवते. हे कळलं तर ती जगेल का?"

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मग विचारलं, आणि लोकेश? तो रोज सकाळी उठून स्वतःला तुझा गुन्हेगार समजतो, त्याचं काय? त्याचा परवाना, त्याचा अर्ज, त्याची माणसं, सगळं तुझ्या एका वाक्यावर टांगलंय. तुला जपायला आई आहे. त्याला इथे तुझ्याशिवाय कोण होतं?

मी काही पोलिसांकडे जाणार नव्हते. ते त्याने करायचं होतं. पण हर्षाला हवा होता तो कागद मी लिहून देणार नाही, आणि विचारलं तर चंदेरी म्हणून सांगेन, एवढं मी त्याला स्पष्ट केलं. उठून उभी राहिले तसा तो म्हणाला, थांबा. आणि त्याने आईला हाक मारली.

६

राधाबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. अश्वजितने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं, वाफारा, कपाट, डोळा, काही राखून न ठेवता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या कोसळतील म्हणून मी पुढे झाले होते, दीड मीटर गेलं चुलीत. पण त्या कोसळल्या नाहीत. आधी त्यांनी पोराच्या बँडेजवर हात ठेवला आणि तसाच ठेवून किती तरी वेळ रडल्या. मग हात काढून घेतला.

"डोळा माह्यापायी गेला, ते मी सोसीन," त्या म्हणाल्या. "पण त्या पोराचं नाव तू काहून घेतलं? म्या मांगतलं होतं काय तुले असं?"

अश्वजितने मान खाली घातली. राधाबाई म्हणाल्या की आधी फोन कर. त्याने तिथेच, आमच्यासमोर पोलिसांना फोन लावला. डच त्याला येतं, तरी अडखळत होता. हर्षा दारात येऊन उभी होती, अर्ध्यातच तिच्या लक्षात आलं आणि ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. सोमवारी येऊन जबाब बदला, असं त्याला सांगण्यात आलं. राधाबाईंना तेवढ्याने चैन पडेना. त्या चपला घालून निघाल्याच.

लोकेशचं घर दोन रस्ते टाकून आहे. आम्ही तिघं चालत गेलो. बेल वाजवून इथल्या शिरस्त्याप्रमाणे फुटपाथवर मागे येऊन उभं राहिलो. दार उघडलं. लोकेशने आधी अश्वजितला पाहिलं, आणि पायरीवरच थबकला.

अश्वजितने सांगितलं. माझेच प्रायमर होते, जुने. ओल लागली होती. मला माहीत होतं. तुझं नाव मी उगाच घेतलं. पोलिसांना आत्ता फोन केला, उद्या जाऊन लिहून देतो. राधाबाईंनी हात जोडले होते.

मला वाटलं, आता हा ओरडेल. त्याला तो हक्कच होता. निदान दार तरी आपटेल. परवान्याबद्दल विचारेल, ग्रुपबद्दल, अर्जाबद्दल. त्याने यातलं काहीही विचारलं नाही. तो त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होता.

"डोळ्याला काय म्हणाले डॉक्टर?" त्याने विचारलं.

"गेला," अश्वजित म्हणाला. "परवाच सांगितलं."

लोकेश खाली पायरीवर बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मला कुणी सांगितलंच नाही रे," तो म्हणाला.